अनेक हातांचे शास्त्र

तळेगाव दाभाडे आणि चाकण यांना जोडणाऱ्या रस्त्याच्या परिसरात, इंद्रायणीच्या खोऱ्यात, मावळ तालुक्याच्या पूर्वेच्या अंगाला सुदुंबरे हे गाव वसले आहे. वारकरी संप्रदायात या गावाचे नाव आदराने घेतले जाते ते संत संताजी जगनाडे महाराजांच्या समाधीमुळे. आज याच गावाच्या शिवारात एक अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या पाचव्या बटालियनचा तळही आहे. समाधी, महाविद्यालय आणि बचावदल यांना एकत्र आणणारा धागा वरवर पाहणाऱ्यास दिसणार नाही. परंतु ज्या नव्या शास्त्राकडे महाराष्ट्रातील हजारो विद्यार्थी आज ओढले जात आहेत, त्या डेटा सायन्सचे मर्म समजून घ्यावयाचे असेल, तर या तिन्ही ठिकाणी उपयोगी पडणारी एक विद्या आधी समजून घ्यावी लागते. ती विद्या म्हणजे एकाने पाहिलेले दुसऱ्याने लिहिणे, तिसऱ्याने ताडून पाहणे आणि सर्वांनी मिळून त्याचा अर्थ ठरविणे.

डेटा सायन्स म्हणजे काय, हे थोडक्यात सांगता येईल. पाऊस, पिके, रुग्ण, वाहने, बाजारभाव यांविषयीच्या असंख्य नोंदी गोळा करावयाच्या; त्यांतील चुका, गाळलेल्या जागा आणि दुबार नोंदी शोधून काढावयाच्या; गणित आणि संगणक यांच्या साहाय्याने त्यांतील परस्परसंबंध हुडकावयाचे; ते संबंध खरे की योगायोगाचे याची परीक्षा करावयाची; आणि ज्यांना निर्णय घ्यावयाचा आहे त्यांना निष्कर्ष त्याच्या मर्यादांसह समजावून द्यावयाचा, असा हा व्यवहार आहे. जनमानसात मात्र त्याचे चित्र वेगळे आहे. बंद खोलीत संगणकापुढे बसलेला एक बुद्धिमान तरुण काही गूढ समीकरणे मांडतो आणि यंत्रातून भविष्य बाहेर पडते, अशी कल्पना पालकांच्या मनात आहे, विद्यार्थ्यांच्या मनात आहे, आणि खेदाची गोष्ट अशी की पुष्कळ अभ्यासक्रमही तिच्याच पायावर उभे आहेत. हे शास्त्र एकट्याचे नाही, म्हणून त्याचे अध्यापनही एकट्याला उद्देशून करता येत नाही, हे या लेखात सप्रमाण सांगावयाचे आहे.

संताजींचे घराणे तेल्याचे. तुकाराम महाराजांच्या चौदा टाळकऱ्यांत त्यांची गणना होते, आणि महाराजांच्या मुखातून निघालेले अभंग लिहून ठेवणाऱ्यांत कडूसचे गंगाराम मवाळ आणि सुदुंबऱ्याचे संताजी जगनाडे ही दोन नावे परंपरेने अग्रभागी मानली आहेत. एका वाणीला दोन लेखक लाभले, ही गोष्ट भक्तीच्या दृष्टीने जितकी भाग्याची, तितकीच ज्ञानाच्या दृष्टीनेही मोलाची होती. गाणारा एका लयीत गातो, ऐकणारा आपल्या कानाने ऐकतो आणि लिहिणारा आपल्या बोलीच्या वळणाने लिहितो. तेव्हा एकच नोंद हाती असेल तर तीत वक्त्याचा अंश किती आणि लेखकाचा किती हे कधीच कळत नाही. दोन स्वतंत्र नोंदी असतील तर जेथे त्या जुळतात तेथे विश्वास वाढतो आणि जेथे त्या जुळत नाहीत तेथे शोध सुरू होतो.

हा शोध पुढे प्रत्यक्ष झाला. सन १८६९ आणि १८७३ मध्ये विष्णु परशुराम शास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी तुकारामांची गाथा दोन भागांत मुंबईस छापून प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांनी देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर येथील हस्तलिखिते समोर ठेवून पाठभेद नोंदविले. त्यानंतर सुमारे अर्ध्या शतकाने महाराष्ट्र सारस्वताचे कर्ते विनायक लक्ष्मण भावे यांनी संताजींच्या वह्यांच्या आधारे गाथेची निराळी आवृत्ती काढली. तिच्यातील अभंगांची संख्या पंडितांच्या गाथेहून पुष्कळ कमी आहे आणि शब्दांची रूपेही अनेक ठिकाणी वेगळी आहेत. कोणती प्रत अस्सल, यावर विद्वानांत वाद झाले. येथे महत्त्वाचे हे की, वाद करण्याजोगे काही शिल्लक राहिले ते केवळ अनेक हातांनी नोंदी केल्या आणि अनेक घरांनी त्या जपल्या म्हणून.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात सन १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे जे प्रचंड कार्य झाले, ते याच पद्धतीचे परिणत रूप होय. शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ आणि मल्याळम अशा नाना लिप्यांतील बाराशेहून अधिक हस्तलिखिते तपासण्यात आली. प्रचलित पाठ वरच्या ओळीत चौकटीचौकटींत अक्षरशः मांडावयाचा आणि प्रत्येक पोथीतील भेद त्याखाली त्याच्या त्याच्या चौकटीत नोंदवावयाचा, असे तक्ते या कामासाठी आखलेले असत. आजचा विद्यार्थी संगणकावर जो तक्ता उघडतो, ज्यात आडव्या ओळीत एकेक नोंद आणि उभ्या रकान्यात एकेक गुण असतो, त्याहून हा तक्ता तत्त्वतः वेगळा नव्हता. शांतिनिकेतन आणि तंजावर येथेही मुकाबल्याची, म्हणजे पोथ्यांचे पाठ ताडून पाहण्याची, केंद्रे चालविली गेली. प्रमुख संपादक विष्णु सीताराम सुखटणकर यांनी संपादनाची तत्त्वे लिहून प्रसिद्ध केली, ती यासाठी की कोणता पाठ का स्वीकारला हे दुसऱ्या अभ्यासकास पडताळून पाहता यावे. ते १९४३ साली निवर्तले, कार्य त्यानंतर तेवीस वर्षे चालले आणि पूर्णत्वास गेले. मनुष्य जातो आणि काम चालू राहते, हे तेव्हाच शक्य होते जेव्हा त्याने आपली पद्धत आपल्यापाशी न ठेवता सहकाऱ्यांच्या हाती लेखी सोपविलेली असते.

पोथ्यांच्या क्षेत्रातून शेताच्या क्षेत्राकडे वळावे, तर तेथेही महाराष्ट्राचेच एक उज्ज्वल उदाहरण मिळते. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात संख्याशास्त्र शिकून आले आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या संख्याशास्त्र विभागाची धुरा त्यांनी वाहिली. देशात धान्य किती पिकते, हा दुष्काळाच्या आणि युद्धाच्या त्या काळात जीवनमरणाचा प्रश्न होता. त्याचे उत्तर तोपर्यंत गावकामगारांच्या नजरअंदाजावर, म्हणजे आणेवारीवर, अवलंबून असे. सुखात्मे आणि विनायक गोविंद पानसे यांनी पीक कापणी प्रयोगांची पद्धत रूढ केली: गावे यदृच्छेने निवडावयाची, त्यांतील शेते यदृच्छेने निवडावयाची, शेतात ठराविक मापाचा तुकडा आखून तेवढेच पीक कापावयाचे, झोडावयाचे, वाळवावयाचे आणि तोलावयाचे.

हा तुकडा केवढा असावा, यावर सुखात्मे आणि कलकत्त्याचे प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्यात गाजलेला मतभेद झाला. महालनोबिस लहान वर्तुळाकार तुकड्यांचे पुरस्कर्ते होते, कारण तेवढ्याच खर्चात पुष्कळ शेते पाहता येतात. सुखात्म्यांचा आक्षेप असा की, लहान तुकड्यात उत्पन्नाचा अंदाज फुगतो. का फुगतो, हे समजून घेण्याजोगे आहे. समजा, चार फूट त्रिज्येचे वर्तुळ आखले. त्याचे क्षेत्रफळ सुमारे पन्नास चौरस फूट आणि परिघ सुमारे पंचवीस फूट भरतो. त्याऐवजी तेहतीस फूट लांब आणि साडेसोळा फूट रुंद, म्हणजे एकराचा ऐंशीवा भाग भरणारा, आयत आखला, तर क्षेत्रफळ जवळजवळ अकरापट होते, पण कडेची लांबी केवळ चौपट होते. कडेवरचे रोप आत धरावे की बाहेर, हा संशय प्रत्येक कापणाऱ्यास पडतो, आणि संशयाच्या वेळी हात सहसा आत घेण्याकडे वळतो. तुकडा जितका लहान, तितकी क्षेत्रफळाच्या मानाने कड मोठी आणि तितकाच हा कल अधिक प्रभावी. चूक समीकरणात नव्हती. ती विळा धरणाऱ्या हातात होती, आणि जो शेताच्या कडेला उभा राहिला त्यालाच ती दिसली.

महालनोबिसांनीही माणसाच्या हाताचा विचार केला नव्हता असे नाही. एकाच प्रदेशातून दोन स्वतंत्र नमुने घ्यावयाचे, दोन स्वतंत्र पथकांना ते काम द्यावयाचे आणि शेवटी दोहोंचे निष्कर्ष शेजारी मांडावयाचे, ही त्यांची योजना जगभर प्रसिद्ध झाली. निष्कर्ष जवळ आले तर भरवसा. दूर गेले तर कोठे काय बिघडले याचा तपास. संताजी आणि गंगाराम यांच्या बाबतीत जे भाग्याने घडले, ते महालनोबिसांनी विचारपूर्वक रचून घडविले, असे म्हणता येईल. दोन थोर संख्याशास्त्रज्ञांचे मत तुकड्याच्या मापाविषयी जुळले नाही, तरी माणसांच्या कामाची रुजुवात माणसांनीच आणि स्वतंत्रपणे केली पाहिजे, याविषयी दोघांच्या पद्धती एकच साक्ष देतात.

आता आजच्या वर्गाकडे पाहू. डेटा सायन्सचा विद्यार्थी जगात कोठेही असो, प्रारंभी त्याच्या हाती बहुधा एक तक्ता दिला जातो: आयरिस नावाच्या फुलांच्या तीन जाती, प्रत्येकीची पन्नास फुले, एकूण १५० ओळी आणि प्रत्येक फुलाची चार मापे. हा तक्ता रोनाल्ड फिशर यांनी १९३६ साली आपल्या निबंधात वापरला, म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. फुले मात्र एडगर अँडरसन या वनस्पतिशास्त्रज्ञाने मोजली होती. त्यांपैकी दोन जातींची फुले कॅनडातील गास्पे द्वीपकल्पावर एकाच ठिकाणी, एकाच दिवशी खुडून एकाच माणसाने एकाच साधनाने मोजलेली होती. तिसऱ्या जातीची फुले तेथली नव्हती. विद्यार्थी तक्ता उघडतो, आज्ञावलीच्या चार ओळी लिहितो, यंत्र तिन्ही जाती वेगळ्या करून दाखविते आणि धडा संपतो. फुले कोणी खुडली, कोठे खुडली, तिसऱ्या जातीची मापे पहिल्या दोहोंशी तुलना करण्यास कितपत योग्य आहेत, हे प्रश्न त्याला पडत नाहीत, कारण ते कोणी विचारलेच नाहीत. अशा रीतीने शिकलेला तरुण साधनांचा वापर उत्तम करतो. परंतु नोंदीमागच्या माणसाशी त्याचा परिचय होत नाही.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेचे विल्यम क्लीव्हलँड यांनी २००१ साली डेटा सायन्स या स्वतंत्र शास्त्राचा आराखडा मांडला, तेव्हा त्यांनी विद्यापीठातील विभागाने आपली शक्ती कशी वाटावी याचे प्रमाणही दिले होते. सर्वांत मोठा वाटा, शेकडा २५, त्यांनी अन्य विषयांच्या जाणकारांसमवेत करावयाच्या संशोधनास दिला. प्रतिमाने आणि पद्धती यांना शेकडा २०, सिद्धांतास २०, संगणनास १५ आणि अध्यापनशास्त्रास १५. उरलेले ५ साधनांच्या मूल्यमापनास. म्हणजे सहकार्य आणि अध्यापन मिळून शंभरांतील चाळीस भाग झाले. आपल्याकडील पुष्कळ अभ्यासक्रमांत संगणन आणि पद्धती यांचा पाठ मन लावून गिरविला जातो, आणि हे चाळीस भाग शेवटच्या सत्रातील प्रकल्प-अहवालाच्या हवाली केले जातात. चार विद्यार्थ्यांचा गट होतो, एक आज्ञावली लिहितो, दुसरा अहवाल टंकतो, उरलेले दोघे नाव लावतात. आणि सहकार्य शिकविले गेले, अशी सर्वांची समजूत होते.

सहकार्य हे असे आपोआप येत नाही. ते शिकवावे लागते आणि त्यासाठी रचना करावी लागते. ती कशी असावी, याचा विचार सुदुंबऱ्याच्याच परिसरात करता येईल. मावळ हा भाताचा मुलूख. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रात विकसित झालेली आणि १९८७ साली प्रसारित झालेली इंद्रायणी ही भाताची जात आज घरोघर पोचली आहे. येथील विद्यार्थ्यांना परदेशी फुलांच्या तक्त्याबरोबरच भातखाचराच्या बांधावर न्यावे. कापणीच्या दिवसांत शेतकऱ्याच्या संमतीने आणि त्याच्या मार्गदर्शनाखाली दोन गटांनी एकाच खाचरातील आखलेल्या तुकड्यांवर स्वतंत्रपणे काम करावे: कापावे, झोडावे, तोलावे, ओलावा नोंदवावा. गटातील भूमिका ठरवून द्याव्यात आणि आळीपाळीने बदलाव्यात. मोजणारा एक, लिहिणारा दुसरा, ताळा घेणारा तिसरा, शेतकऱ्याला प्रश्न विचारून पार्श्वभूमी टिपणारा चौथा. मग दोन्ही गटांच्या नोंदी शेजारी मांडाव्यात. त्या जुळणार नाहीत. आणि त्या का जुळल्या नाहीत याचा तपास, हाच या शिक्षणाचा पहिला खरा पाठ ठरेल.

दुसरा पाठ हस्तांतरणाचा. एका गटाने केलेले काम, त्याची आज्ञावली, नोंदींचे दप्तर आणि टिपणे ही दुसऱ्या गटाकडे सोपवावीत आणि तोंडी खुलाशाला मनाई करावी. दुसऱ्या गटास तोच निष्कर्ष पुन्हा काढता आला, तर पहिल्याचे काम पक्के. नाही आला, तर टिपणात काय राहून गेले हे दोघांनी मिळून शोधावे. संगणकाच्या जगात प्रत्येक बदल कोणी, केव्हा आणि का केला याची क्रमवार नोंद ठेवणारी गिटसारखी साधने आहेत. महसुली दप्तरात फेरफाराची नोंद जशी तारीखवार होते आणि जुनी नोंद पुसली जात नाही, तशीच ही व्यवस्था आहे. तिची यांत्रिक आज्ञा तासाभरात शिकता येते. पण आपला बदल का केला हे सहकाऱ्याला समजेल अशा एका स्वच्छ वाक्यात लिहिण्याची सवय लागण्यास वर्ष जाते, आणि ती सवय शिक्षकानेच लावावी लागते.

तिसरा पाठ जाणकाराचा मान राखण्याचा. सन २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणीद्वारे शेतकरी स्वतः आपल्या पिकाची नोंद भ्रमणध्वनीवरून करू लागला, म्हणजे ज्याचे शेत त्याच्याच हाती नोंदीची लेखणी आली. या नोंदींवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याने डोंगरउतारावरील शेतात संपर्कजाळे मिळते काय, वयस्क शेतकऱ्याची नोंद कोण करून देतो, मिश्र पीक कसे लिहिले जाते, हे विचारल्यावाचून पुढे जाऊ नये. जे नोंदविलेच गेले नाही, ते तक्त्यात दिसत नाही. ते दिसते त्या जागेला ओळखणाऱ्या माणसाला. सन २०१४ च्या जुलै महिन्याच्या ३० तारखेस पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेच्या आसपास माणसे दगावली. तेथे गाव होते आणि आता ते दिसत नाही, ही गोष्ट प्रथम ध्यानात आली ती त्या वाटेने नित्य बस नेणाऱ्या एस.टी.च्या चालकाच्या. बचावदले धावली ती त्यानंतर. उपग्रहाची चित्रे, पावसाची मापे आणि भूस्तराचे नकाशे यांवरून धोक्याचा अंदाज बांधण्याचे काम आज डेटा सायन्सकडून अपेक्षिले जाते, आणि ते झालेच पाहिजे. पण कोणत्या घरात किती माणसे राहतात, कोण कामासाठी बाहेरगावी गेले आहे, कोणत्या ओढ्याने यंदा वाट बदलली आहे, हे सांगणारा गावकरी त्या कामात भागीदार नसेल, तर त्या अंदाजावर विसंबून ढिगाऱ्यात उतरणाऱ्या जवानाला अपुरी माहिती हाती घेऊनच जावे लागेल.

या मार्गात अडचणी आहेत, आणि त्या खऱ्या आहेत. वर्गात साठ-सत्तर विद्यार्थी, शिक्षक एक. परीक्षा व्यक्तीची, गुणपत्रिका व्यक्तीची, नोकरीची मुलाखतही व्यक्तीचीच. गटात काही जण काम टाळतात आणि कष्टाळू विद्यार्थ्यावर अन्याय होतो, ही तक्रार तर प्रत्येक महाविद्यालयात ऐकू येते. परंतु यावरील उपाय गटकार्य सोडून देणे हा नव्हे. गटातील प्रत्येकाचा वाटा दिसेल अशी नोंद ठेवणे हा होय. बदलांची क्रमवार नोंद जपली, भूमिका आळीपाळीने बदलल्या आणि मूल्यमापनाचा काही भाग सामूहिक निष्कर्षाला व काही भाग वैयक्तिक उत्तरदायित्वाला दिला, तर काम टाळणाऱ्यास लपण्याची जागा उरत नाही आणि काम करणाऱ्याचे श्रेयही बुडत नाही. शिक्षकांनी स्वतःही एकट्याने शिकविण्याचा शिरस्ता सोडावयास हवा. संख्याशास्त्राचा प्राध्यापक, संगणकाचा प्राध्यापक आणि कृषी, आरोग्य किंवा भाषा यांपैकी एखाद्या विषयाचा जाणकार एकाच वर्गात एकत्र उभे राहिले, परस्परांचे म्हणणे त्यांनी विद्यार्थ्यांसमोर सभ्यपणे खोडून काढले आणि पुराव्यापुढे आपले मत बदलले, तर त्या एका तासात विद्यार्थी जे शिकेल ते पाठ्यपुस्तकातील प्रकरणाने शिकविता येणार नाही.

पुणे विद्यापीठाच्या परिसरात आणि महाराष्ट्रभर या विषयाचे वर्ग आता झपाट्याने वाढत आहेत. संगणक, आज्ञावली आणि नोंदींचे साठे यांची उणीव आता फारशी राहिलेली नाही. उणीव आहे ती परीक्षेच्या दालनात. विद्यापीठांनी आणि महाविद्यालयांच्या चालकांनी एवढे एकच करावे: प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेत, यंत्राचे उत्तर किती अचूक आले हे विचारण्याआधी, प्रत्येक विद्यार्थ्याला तीन प्रश्न विचारावेत. ही नोंद मुळात कोणी केली? तुझ्या आणि तुझ्या सहकाऱ्याच्या नोंदीत फरक कोठे पडला? आणि तो तुम्ही कोणत्या पुराव्यावर मिटविला? या प्रश्नांना गुण मिळतात असे एकदा विद्यार्थ्यांना कळले, की ते शेतावर जातील, सहकाऱ्याचे टिपण वाचतील, आपले टिपण दुसऱ्यासाठी लिहितील, आणि शिक्षकांनाही त्यांना तसे शिकवावे लागेल.